रेल्वे स्पाइन, चार्ल्स डिकन्स आणि मामांची पाठ

मागच्या महिन्यात मामांचं घर रंगवायला काढलं होतं. सामान हलवायला म्हणून गेलो, तर लोखंडी कपाटावर एक मोठं खाकी पाकीट मिळालं. आत एक्स-रे, दोन एमआरआय, फिजिओथेरपीची कार्डं आणि कोर्टाच्या कागदांची एक जाड फाईल. सगळं २००४ ते २०११ मधलं. "टाकून दे रे ते," मामा म्हणाले, "त्यात काही निघालं नाही."

खरंच काही निघालेलं नाही. दोन्ही एमआरआयमध्ये 'वयोमानानुसार किरकोळ झीज' एवढंच. चाळिशीच्या पुढच्या कुणाचाही एमआरआय काढा, बहुतेक हेच लिहून येईल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २००४ च्या पावसाळ्यात मामा साताऱ्याहून पुण्याला एका खाजगी बसने येत होते. खंबाटकीचा बोगदा संपला की जे एस आकाराचं वळण लागतं, तिथे बस आडवी झाली. मामांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. स्वतःच्या पायांनी बाहेर आले, दोघातिघांना खिडकीतून ओढून काढलं, रात्री मिळेल त्या गाडीने घरी पोचले आणि पिठलं-भात खाऊन झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठ धरली. ती आजतागायत सुटलेली नाही.

पुढची सात वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून मामांना जे काही ऐकवलं त्याची यादी करत नाही. एका हाडांच्या डॉक्टरांनी "तुमच्या पाठीत काही नाही, डोक्यात आहे" असं तोंडावर सांगितलं. नातेवाईक पाठीमागे म्हणायचे, "क्लेमची केस चालू आहे ना, तोवर दुखणारच." आणि हे वाक्य एकदा मीही बोललो आहे, मामी स्वयंपाकघरात असताना, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. असो.

माझी नोकरी विमा कंपन्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरची. क्लेमचे कोड, इजांच्या याद्या, त्यांचे नियम हा रोजचाच दाणा. काही वर्षांपूर्वी कामासाठी वाचताना 'रेल्वे स्पाइन' हा शब्द पहिल्यांदा दिसला. वाटलं, रुळांचा काहीतरी भाग असेल. निघाला तो एक आजार. दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधला, आणि वर्णन वाचलं तर हुबेहूब आमचे मामा! तेव्हापासून शनिवार-रविवारी जमेल तसं वाचत गेलो. खाकी पाकीट हाती आल्यावर म्हटलं आता लिहूनच टाकावं.

तर सुरुवात करू ९ जून १८६५ या दिवसापासून. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट गावाजवळ ब्यूल्ट नावाची छोटी नदी आहे. तिच्यावरच्या रेल्वे पुलाच्या लाकडी तुळया बदलायचं काम चाललं होतं. त्यासाठी वरचे रूळ काढायचे, काम करायचं आणि गाडी यायच्या आत परत बसवायचे. अडचण अशी की फोकस्टनहून लंडनला जाणारी ही गाडी फ्रान्सहून येणाऱ्या बोटीला जोडलेली होती. बोट भरती-ओहोटीवर अवलंबून, त्यामुळे गाडीची वेळ रोज वेगळी. मुकादमाने वेळापत्रकात चुकून दुसऱ्याच दिवसाची ओळ वाचली. (तारखेच्या चुकीने काय काय कोसळू शकतं हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.) लाल बावटा घेऊन माणूस उभा करायचा तो नियमाने १००० यार्डांवर, तो उभा होता ५५४ यार्डांवर. ड्रायव्हरने बावटा पाहिला, ब्रेक लावले, पण तेवढ्या अंतरात गाडी थांबणं शक्यच नव्हतं. डबे पुलावरून खाली कोसळले. १० माणसं मेली, ४० जखमी झाली. मुकादमाला नऊ महिन्यांची शिक्षा झाली.

पहिल्या वर्गाचा एक डबा मात्र खाली न पडता पुलावर तिरका लटकत राहिला. त्यात होता चार्ल्स डिकन्स. सोबत एलन टर्नन ही तरुण अभिनेत्री आणि तिची आई. (डिकन्सचं लग्न झालेलं होतं, बायकोपासून वेगळा राहत होता आणि एलनबद्दल जगाला कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे नंतरच्या चौकशीत साक्ष द्यायला तो गेलाच नाही.) डिकन्सने दोघींना बाहेर काढलं. मग स्वतःची ब्रँडीची बाटली घेतली, उंच टोपीत नदीचं पाणी भरलं आणि खाली चिखलात पडलेल्या माणसांना पाजत फिरला. त्याच्या डोळ्यांसमोर माणसं मेली. एवढं झाल्यावर आठवण झाली म्हणून लटकलेल्या डब्यात परत चढून चालू कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आला! ती कादंबरी म्हणजे 'अवर म्युच्युअल फ्रेंड'.

त्या वेळी अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. घरी पोचल्यावर मात्र हात इतके थरथरायला लागले की पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली. आवाज बसला. नंतर गाडीने प्रवास करायची वेळ आली की एक्स्प्रेस सोडून संथ गाडी धरायची. जरा हिसका बसला की तो बसल्या जागी दोन्ही हातांनी बाक घट्ट पकडायचा, चेहरा घामाने डबडबायचा. त्याने स्वतः नोंदवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रवासात मधेच त्याची खात्री पटायची की आपला डबा एका बाजूला कलला आहे. डोळ्यांना दिसतंय की डबा सरळ आहे, तरीही. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा डावीकडे कलल्यासारखं वाटायचं, अपघातात तर डबा त्या बाजूला कललाच नव्हता.

म्हणजे हे आठवणीचं साधं रीप्ले नव्हतं. शरीर स्वतःच्या मनाने काहीतरी नवीनच रचत होतं.

अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, ९ जून १८७० ला, डिकन्स वारला. हा योगायोग लोक फार रंगवून सांगतात. त्याचा डावा पायही दुखायचा आणि तो अपघातामुळेच असं ठोकून द्यायचा मोह मलाही झाला होता, पण पायाचं दुखणं अपघाताच्या काही महिने आधीच सुरू झालेलं होतं. तेव्हा ते सोडून देऊ. पुढच्याच वर्षी, १८६६ च्या ख्रिसमस अंकात, त्याने 'द सिग्नल-मॅन' ही भुताची कथा लिहिली. रेल्वेचा एक सिग्नलवाला, बोगद्याचं तोंड आणि अपघाताआधी दिसणारी आकृती. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचा, रात्री नको. :-)

डिकन्सने रेल्वेवर दावा केला नाही. पण इतर हजारो लोक करत होते आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. रेल्वे येण्याआधी माणूस बैलगाडीतून किंवा घोड्यावरून पडायचा, तेव्हा दाद कुणाकडे मागणार? घोड्याकडे? आता समोर पैसेवाली कंपनी होती. कोर्टात हात तुटलेला, पाय तुटलेला माणूस उभा राहिला तर प्रश्न नव्हता. पंचाईत करत होते ते दुसरेच. अपघातातून धडधाकट चालत बाहेर आलेले, स्वतःच्या घरी गेलेले, आणि दोनचार दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी पाठीत ठणका, झोप नाही, दचकून जाग, लक्ष लागत नाही, हिशेब चुकतात, अशा तक्रारी घेऊन आलेले. व्यापारी, कारकून, वकील. बाहेरून बघितलं तर काहीही दिसत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले सर्जन जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ साली या रुग्णांवरची आपली व्याख्यानं पुस्तकरूपात छापली. त्यांचं म्हणणं होतं की गाडीच्या धक्क्याने मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूला हादरा बसतो आणि मग हळूहळू तिथे दाह सुरू होतो. दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. त्यांनी एक झकास उपमा दिली: घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चुंबकावर हातोडा मारला तर चुंबकत्व निघून जातं. लोखंड तसंच दिसतं, तुटलेलं काही नाही, पण गुण गेला. तसंच हे.

हे पुस्तक वकिलांनी डोक्यावर घेतलं. वादी आला की एरिकसनची प्रत टेबलावर. लोकांच्या तोंडी 'रेल्वे स्पाइन' हे नाव रुळलं.

रेल्वे कंपन्या गप्प बसणार नव्हत्याच. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन हर्बर्ट पेज यांनी १८८३ साली उलट बाजूचं पुस्तक काढलं. दोनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून ते म्हणाले, मज्जारज्जूचा दाह वगैरे काही दिसत नाही. मज्जारज्जू हाडांच्या आत इतका सुरक्षित असतो की असल्या धक्क्याने त्याला काही व्हायचं नाही. मग झालं काय? पेज यांचं उत्तर: भीती. निव्वळ भीती. काळोख, किंकाळ्या, लाकूड फुटल्याचा आवाज, आपण मरणार ही खात्री. एवढ्यानेच मज्जासंस्था कोलमडू शकते. शिवाय पाठीचे स्नायू-बंध ताणले गेलेले असतात, ते दुखतात, आणि घाबरलेला माणूस त्या दुखण्याचा अर्थ 'आपला कणा गेला' असा लावतो.

पेज कंपनीचा पगारी माणूस. त्याचा हेतू कंपनीचे पैसे वाचवायचा होता हे उघड आहे. पण कंपनीचे पैसे वाचवता वाचवता त्याने एक फार मोठी गोष्ट मान्य करून टाकली: शरीराला खास इजा नसताना नुसत्या भीतीने माणूस वर्षानुवर्षं आजारी राहू शकतो, आणि तो खोटं बोलत नसतो. (सोंग करणारेही होते, पेज त्यांच्यावरही भरपूर लिहितो.) एरिकसन रुग्णांच्या बाजूचा, पण त्याची कारणमीमांसा चुकली. पेज कंपनीच्या बाजूचा, पण सत्याच्या जास्त जवळ. इतिहास वाचताना मला असल्या जागा फार आवडतात, कारण कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या हेच कळत नाही.

आपल्या भाषेला हे कधीच नवं नव्हतं म्हणा. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली' हे आपण सहज म्हणतो, आणि धसका घेतलेला माणूस अंथरूण धरतो हेही आपल्याला ठाऊक असतं. पण धसक्याचा क्लेम कोड नाही.

पॅरिसमध्ये शार्को या प्रख्यात मेंदूतज्ज्ञाने पेजचं लिखाण उचललं. त्याच्याकडे आलेल्या एका मजुराची केस प्रसिद्ध आहे. रस्त्यात घोडागाडीने त्याला उडवलं. शुद्धीवर आल्यावर त्याचे दोन्ही पाय लुळे. त्याची पक्की समजूत की गाडीची चाकं आपल्या पायांवरून गेली. प्रत्यक्षात चाकं पायांवरून गेलीच नव्हती! शार्कोचं म्हणणं, धक्क्याच्या त्या क्षणी मनात उमटलेली कल्पनाच पायांत उतरली. डिकन्सचा डावीकडे कलणारा डबा आठवतोय ना?

जर्मनीत हेरमान ओपनहाइमने १८८९ मध्ये याला 'आघातजन्य न्यूरोसिस' म्हटलं. तिथे १८८४ मध्येच कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा झाला होता, आणि या आजारालाही भरपाई मिळू लागली. त्याबरोबर लगेच 'पेन्शन न्यूरोसिस' हा टोमणाही जन्माला आला: आजार अपघाताने होत नाही, पेन्शनच्या आशेने होतो. पहिल्या महायुद्धानंतर पेन्शन मागणाऱ्या सैनिकांची रांग लागल्यावर हाच टोमणा जिंकला, आणि १९२६ साली जर्मन सरकारी विमा कार्यालयाने अशा न्यूरोसिसची भरपाई बंद केली. आमच्या नातेवाइकांचं वाक्य किती जुनं आहे बघा.

युद्धाबद्दल जास्त लिहीत नाही, शेल शॉकवर (हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्सने १९१५ साली आणला) भरपूर लिहिलं गेलंय. पण दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग सोडवत नाही. हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर होता. त्याने दोनशेच्या वर गंभीर जखमी सैनिकांना शुद्धीत असताना एक साधा प्रश्न विचारला: वेदनेवर औषध हवंय का? बहुतेकांनी नको म्हटलं. हाडं मोडलेली, पोट फाटलेलं, आणि नको! युद्धानंतर त्याने साध्या नागरिकांना शस्त्रक्रियेनंतर तोच प्रश्न विचारला. सैनिकांपैकी ३२ टक्क्यांनी औषध मागितलं होतं, नागरिकांपैकी ८३ टक्क्यांनी. जखमा मात्र सैनिकांच्या मोठ्या. बीचरचा निष्कर्ष १९५६ मध्ये छापून आला. वेदना किती होणार हे जखमेच्या आकारावर ठरत नाही, त्या जखमेचा अर्थ काय यावर ठरतं. सैनिकाला जखम म्हणजे सुटका, घरी जायचं तिकीट. नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे संकट.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. कारण आपण सगळे (आणि तो हाडांचा डॉक्टरसुद्धा) वेदनेला इनपुट समजतो. इकडे टाचणी टोचली, तिकडे सिग्नल गेला, मेंदूने 'आई गं' म्हटलं. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली हे चित्र मोडलं. मज्जारज्जूतच जणू एक दार असतं, म्हणाले ते. खालून येणारा संदेश पुढे किती सोडायचा हे त्या दारावर ठरतं, आणि मेंदू वरून ते दार कमीजास्त उघडू शकतो. भीती, लक्ष, अपेक्षा, जुना अनुभव, सगळ्यांचा हात त्या दारावर. यातले सगळे तपशील नंतर टिकले नाहीत, पण मूळ कल्पना टिकली.

मग १९८३. म्हणजे पेजच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षं. क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की जखम झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात. आधी ज्या स्पर्शाने काही व्हायचं नाही त्याने आता त्या पेटतात, आणि जखमेकडून येणारे संदेश थांबवले तरी ही अवस्था टिकून राहते. म्हणजे दुखणं सुरू ठेवायला दुखापत चालूच असायला हवी असं नाही. हे काम वुल्फने कुठे केलं? युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन. ज्या संस्थेच्या हॉस्पिटलात एरिकसन बिचारा दिसत नसलेलं काहीतरी मज्जारज्जूत शोधत होता, तिथेच. दाह नव्हता, पण चुंबकाचा गुण बदलतो ही उपमा फारशी चुकीची नव्हती म्हणायची. फक्त इथे गुण जात नाही, वाढतो.

दुसऱ्या बाजूने मानसोपचारवाले येत होते. व्हिएतनाम युद्धाच्या सैनिकांमुळे १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत पीटीएसडी हे नाव अधिकृतपणे आलं. लक्षणं आपल्याला आता ऐकून माहीत असतात: प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, सतत सावध, दचकणं, झोप न लागणं. त्यात वेदनेचा उल्लेख नव्हता. एरिकसनच्या रुग्णांकडे दोन्ही एकत्र होतं. आता पाठ हाडांच्या डॉक्टरकडे गेली आणि स्वप्नं मानसोपचारतज्ज्ञाकडे. एकाच बगचे दोन तिकीट, दोन वेगळ्या टीमकडे, आणि दोघंही 'आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही' म्हणून बंद करणार.

नंतर कुणीतरी मोजलं तेव्हा चित्र दिसलं. १९९७ मध्ये पीटीएसडी असलेल्या १२९ व्हिएतनाम सैनिकांचा अभ्यास छापून आला, त्यातल्या ८० टक्क्यांना जुनाट वेदना होती.

असं का व्हावं? २००१ साली टिमथी शार्प आणि अ‍ॅलिसन हार्वी या दोघांनी जे मांडलं ते मला सगळ्यात पटतं. त्यांचं म्हणणं, हे दोन आजार शेजारी शेजारी नुसते राहत नाहीत, एकमेकांना पोसतात. कसं ते मामांच्या पाठीवरूनच सांगतो. पाठीत चमक निघाली की ती कुठली चमक? त्या वळणावरची. म्हणजे दुखणं हीच आठवणीची घंटा, आणि ही घंटा घरात, अंथरुणात, देवळात, कुठेही वाजते. तिच्यापासून पळून जायला जागा नाही. घंटा वाजली की शरीर सावध होतं. छाती धडधडते, खांदे-कंबर आवळून येतात. आवळलेला स्नायू दुखतो. दुखलं की पुन्हा घंटा. त्यात माणूस हालचाल टाळतो, प्रवास टाळतो. हालचाल टाळल्याने पाठ आणखी कमकुवत, आणि प्रवास टाळल्याने 'प्रवास केला तरी काही होत नाही' हे कळायची संधीच मिळत नाही. रात्री झोप नाही, आणि झोप नसलेल्या शरीराला सगळंच जास्त दुखतं. आमच्या भाषेत डेडलॉक: हा त्याच्यासाठी अडलाय, तो ह्याच्यासाठी. एकट्या पाठीवर कितीही शेक-मसाज करा, एकट्या मनाला कितीही 'विसरा आता' सांगा, सुटत नाही.

दुसऱ्या वर्षी अस्मंडसन आणि सहकाऱ्यांनी वेगळा मुद्दा मांडला: काही माणसं मुळातच शरीरातल्या छोट्या बदलांना जास्त घाबरतात, धडधड झाली की 'हार्ट अटॅक', कळ आली की 'कणा मोडला'. अशांना दोन्ही आजार एकदम व्हायची शक्यता जास्त. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. पण दुसऱ्याचा गैरवापर सोपा, 'स्वभावच तसा' म्हणून मोकळं होता येतं. म्हणून मी ते जरा जपून वापरतो.

आता पेन्शनच्या टोमण्याबद्दल, कारण तो टाळून पुढे गेलो तर अप्रामाणिकपणा होईल. १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये लिथुआनियातला एक अभ्यास आला. तिथे तेव्हा गाड्यांच्या अपघातांत विम्याचे दावे फारसे नसतच, आणि मान हिसकल्याने कायमची दुखते अशी लोकांची समजूतही नव्हती. मागून गाडी धडकलेल्या २०२ लोकांना एक ते तीन वर्षांनी गाठलं, तर त्यांची मानदुखी-डोकेदुखी अपघात न झालेल्यांपेक्षा वेगळी निघाली नाही. विमा कंपन्यांना आनंदीआनंद! नमुना लहान आहे वगैरे टीका झाली, ती रास्तही आहे. तरी अभ्यास झटकून टाकता येत नाही. आजूबाजूचे लोक, कायदा, कोर्ट यांचा वेदनेवर परिणाम होतो, होतच असणार. बीचरने तेच तर दाखवलं होतं. पण त्यावरून 'पैशासाठी सोंग' हा निष्कर्ष निघत नाही. सात वर्षं दर तारखेला कोर्टात जाऊन 'मला खरंच दुखतं' हे अनोळखी माणसांना पटवून द्यावं लागत असेल, तर त्या सात वर्षांत दुखण्यावरून लक्ष काढणार कसं? ज्याला सतत सिद्ध करायचंय तो बरा व्हायला मोकळाच नसतो.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत कागदावर तरी उदार आहे. मोटार अपघाताच्या भरपाईत औषधांचा खर्च, बुडालेली कमाई यांच्याबरोबर 'वेदना व यातना' असं वेगळं सदर धरतात. सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा एक निकाल यासाठी नेहमी दाखवला जातो, मुंबईहून पुण्याकडे येताना गाडीला अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलेल्या एका वकिलाचा. पैशात मोजता येणारं आणि न येणारं नुकसान वेगवेगळं धरायचं हे त्यात नीट मांडलंय. मामांच्या फाईलमध्येही ते सदर होतं. त्यापुढे वकिलांनी लिहिलं होतं 'पाठदुखी'. बस्स. झोपेचं नाही, दचकण्याचं नाही, मामांनी बसमध्ये पाऊल टाकणंच सोडून दिलं त्याचं नाही.

२०११ मध्ये निकाल लागला, थोडे पैसे मिळाले. नातेवाइकांचं म्हणणं खरं असतं तर पाठ तेव्हा थांबायला हवी होती. उलट नंतरचा हिवाळा मामांना सगळ्यात जड गेला.

पाकीट सापडलं त्या दिवशी संध्याकाळी मी मामांना डिकन्सची गोष्ट सांगितली. टोपीतलं पाणी, हस्तलिखित, घट्ट धरलेला बाक. माझं सॉरी म्हणायचं मनात होतं, ते काही जमलं नाही, म्हणून गोष्ट सांगत बसलो. मामा शांतपणे ऐकत होते. डबा डावीकडे कलल्याचा भास व्हायचा, हे सांगितल्यावर मात्र त्यांनी मला थांबवलं.

"कुठल्या बाजूला म्हणालास?"

"डावीकडे. खरा त्या बाजूला कललाच नव्हता."

मग ते बोलायला लागले. बस आडवी झाल्यावर दिवे गेले होते. पलीकडच्या सीटवरची एक बाई मामांच्या अंगावर येऊन पडली होती, पाठीखाली सीटचा लोखंडी दांडा, आणि ती सारखी म्हणत होती, माझा डबा बघा हो, डब्यात लाडू आहेत. मामांनी अंधारात चाचपडून तो डबा शोधून तिच्या हातात दिला. तेवढ्यात ती बोलायची थांबली. हे मामीलाही माहीत नव्हतं. मामी दारात चहाचे कप घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"कुणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"विचारलं कुणी? सगळे विचारायचे, कुठे दुखतं. मी पाठ दाखवायचो."

पाकीट टाकलं नाही. घरी घेऊन आलोय. गेल्या आठवड्यात त्यातले कागद घेऊन एका पेन क्लिनिकमध्ये मामांना नेलं, तिथे फिजिओथेरपिस्टबरोबर एक मानसशास्त्रज्ञही बसतात. जाताना मामा मागे, माझ्या सीटच्या बरोबर पाठीमागे बसले होते आणि स्पीडब्रेकर आला की वरचं हँडल धरत होते. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. आपलं, तारीख नव्हे, अपॉइंटमेंट.